मुलाची बुद्धि मोजावी काय?



पांच वर्षांची मुलगी दुकानांच्या पाट्या घडाघड वाचते आणि वर्गांत मात्र कंटाळते. मग कोणी आप्तेष्ट सुचवितात, हिची बुद्धिमापन चांचणी करून घ्या. पिंपरी-चिंचवडकडे असा सल्ला आज सहज मिळतो. तो मानावा कीं नाहीं, एवढाच प्रश्न मी घेतों.

हें साधन मुळांत हुशारांसाठीं निघालेंच नव्हतें. १९०५ सालीं पॅरिस येथें आल्फ्रेड बिने यांनीं थिओडोर सिमाँ यांच्यासह तें रचलें, तें शाळेंत मागें पडणारीं मुलें ओळखून त्यांना साहाय्य देतां यावें म्हणून. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनीं त्याचें मराठी व कानडी रूप सिद्ध केलें; त्यांचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. कामतांनीं नुसत्या भाषांतरावर भागविलें नाहीं. त्यांनीं प्रश्न धारवाडकडील मुलांना घालून पाहिले, कारण कोणत्या वयाच्या मुलाला काय यावें, हें पॅरिसवरून येथें ठरवितां येत नाहीं. इतकी काळजी आज सगळेच घेतात असें मला वाटत नाहीं.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांपायीं खानदेश, मराठवाडा, बिहार अशा दूरदूरच्या मुलखांतून कुटुंबें येथें आलीं. घरीं अहिराणी बोलणाऱ्या बालकाला इंग्रजींतून प्रश्न विचारले, तर येणारा आंकडा बुद्धीपेक्षां इंग्रजीचाच अधिक असेल. शिवाय लहान वयांतला बुद्ध्यंक फारसा स्थिर नसतो. चौथ्या वर्षींचा आंकडा दहाव्या वर्षीं पुष्कळ बदलूं शकतो. निवडही चुकते. अमेरिकेंत लुइस टर्मन यांनीं १९२१ सालीं बुद्धिमान मुलांची मोठी निवड आरंभिली. तींत विल्यम शॉक्ली आणि लुइस आल्वारेझ हे दोघे मुलगे बसले नाहींत. पुढें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक पहिल्याला १९५६ सालीं आणि दुसऱ्याला १९६८ सालीं मिळालें.

मग चांचणी करूंच नये काय? तसें नाहीं. आंकडा कळल्यावर आपण काय निराळें करणार, हें आधीं ठरवावें. वि. वि. पेंडसे यांनीं १९६२ सालीं पुण्यांत स्थापिलेली ज्ञान प्रबोधिनी आपल्या तेथील प्रशालेंत पांचवीच्या प्रवेशासाठीं बुद्धिकसोट्या घेते. त्या कसोटीमागें निराळें शिक्षण उभें आहे. उलट, नात्यागोत्यांत सांगण्यापुरताच आंकडा हवा असेल, तर पैसे वांचवावे. तो मुलाच्या कानीं गेल्यावांचून राहत नाहीं, आणि मग अवघड गणिताला हात घालावयास तें मूल कचरूं लागतें.

एका बाबतींत मात्र विलंब करूं नये. मूल तोंडानें चटचट उत्तरें देतें, पण वाचतांना, लिहितांना अडखळतें. आळशी म्हणून बोलणीं खातें. अशा वेळीं प्रशिक्षित मानसतज्ज्ञाकडे जावें, चांचणी मुलाच्या घरच्या भाषेंत होईल काय हें विचारून घ्यावें, ताप असल्यास दिवस बदलावा, आणि अहवालांत शेवटच्या आंकड्याआधीं विभागवार गुण वाचावे. शाळेंत शिक्षकांपुढें ठेवावयाचें पान तेंच होय.