बैठी चाकरी आणि देहाचा हिशेब

(किनवट येथे शासकीय व बँक कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



किनवटच्या वनखात्यात दोन प्रकारचे कर्मचारी आढळतात. एक वनरक्षक, सागवानाच्या जंगलातील आपले नियतक्षेत्र पायाखाली घालणारा. दुसरा लिपिक, त्याच वनरक्षकाचे अहवाल नोंदवणारा. खाते एक, जेवणाच्या डब्यातील भाकरीही बहुधा सारखीच. परंतु एकाचा दिवस पायांवर जातो आणि दुसऱ्याचा खुर्चीवर. (आता वनरक्षकाच्याही हाती मोटारसायकल आली आहे, हा भाग वेगळा.) पंचेचाळिशीत या दोन देहांची तुलना केली तर काय दिसेल?

नेमका हाच प्रश्न जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञाने लंडनमध्ये विचारला होता. तेथील दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी सतत जिना चढत-उतरत असे. दिवसाकाठी पाचशेहून अधिक पायऱ्या त्याच्या पायांखालून जात. सुमारे ३१,००० कामगारांच्या नोंदी अभ्यासून १९५३ मध्ये मॉरिस यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडला. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांपेक्षा चालकांमध्ये अधिक होते आणि विकार जडल्यावर लवकर मृत्यू येण्याचे प्रमाणही त्यांच्यातच जास्त होते. टपालखात्यातही तसेच आढळले. पायी आणि सायकलवर फिरणारा पोस्टमन कचेरीतील कारकुनापेक्षा सुरक्षित होता.

यावर एक आक्षेप संभवतो. मुळातच स्थूल असलेली माणसे चालक होत असतील तर? हा आक्षेप मॉरिस यांनी स्वतःच तपासला. गणवेशाच्या विजारींची मापे पाहिली, तेव्हा चालकांची कंबर खरोखरच अधिक रुंद निघाली. ही गोष्ट १९५६ मध्ये त्यांनी प्रामाणिकपणे प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या अनेक दशकांच्या संशोधनाने मात्र हालचालीचे महत्त्व अधिकच पक्के केले. मॉरिस स्वतः नव्याण्णव वर्षे जगले. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्याही आधी, अठराव्या शतकाच्या आरंभी, इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी निरनिराळ्या व्यवसायांतील रोगांवर ग्रंथ लिहिताना लेखनिकांच्या व्याधींमागे सततचे बसणे, हाताची एकसुरी हालचाल आणि मनावरील ताण ही कारणे नोंदवली होती. संगणक तेव्हा नव्हता; खुर्ची होती.

किनवट, माहूर, हदगाव या भागात हा प्रश्न अधिक तीव्र आहे, कारण येथील अनेक घरांत खुर्चीवर बसणारी ही पहिलीच पिढी आहे. वडिलांनी कापसाच्या आणि ज्वारीच्या रानात आयुष्य काढले. मुलगा शिकला, तहसील कार्यालयात, पंचायत समितीत किंवा बँकेत लागला. घराने सुटकेचा श्वास सोडला, तो रास्तच. पण ताटातील वाढप वडिलांच्या मापाचे राहिले आणि श्रम मात्र बोटांपुरते उरले. वडिलांना सत्तरीतही न शिवलेली साखर मुलाच्या रक्तात चाळिशीत सापडते, तेव्हा घरातील मंडळी चकित होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. कमावता माणूस आजारी पडला की घरातल्या मुलीचे शिक्षण थांबते आणि शेताचा तुकडा विक्रीस निघतो. म्हणून हा प्रश्न एकट्याच्या देहाचा राहत नाही.

येथे एका समजुतीची झाडाझडती घेणे भाग आहे. पहाटे मैदानावर घाम गाळणारा, नेमाने सूर्यनमस्कार घालणारा माणूस मनाशी म्हणतो की आजचे देणे फिटले. सूर्यनमस्काराची थोरवी निर्विवाद आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आरंभी सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला, पुढे सूर्यनमस्काराचा अंगीकार केला आणि आपल्या संस्थानातील शाळांतून तो रुजवला. एका चटईएवढ्या जागेत सर्वांगाला व्यायाम देणारे असे साधन दुसरे क्वचितच. परंतु २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाचे आठ तास बसण्यातून वाढणारा मृत्यूचा धोका पुसण्यासाठी रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम लागतो, असे त्यात दिसले. नोकरी, संसार आणि मुलांचा अभ्यास सांभाळून एवढा वेळ रोज किती जणांना मिळणार? पंधरा मिनिटांचे नमस्कार सोडू नयेत. पण तेवढ्यावर दिवसभराच्या बैठकीची भरपाई होते असे मानू नये.

मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू देहातील मोठ्या स्नायूंत मोडतात. ते चालू असले की रक्तातील साखर ओढून घेतात आणि पायांतील रक्त वर ढकलतात. माणूस तासन्‌तास बसला की हे दोन्ही उद्योग मंदावतात. दुपारी तीनच्या सुमारास फाईलवर डोके टेकावेसे वाटते, त्याचे एक कारण हे आहे. आणि त्यावर उपाय म्हणून दोन चमचे साखरेचा आणखी एक चहा मागवला जातो. त्याऐवजी जेवणानंतर दहा मिनिटे चालले तर साखरेची उसळी कमी होते, हे आजचे शास्त्र सांगते. शतपावली हा शब्द मराठी घरांत किती जुना आहे! रात्री अंगणात ती घातली जाते. दुपारी कचेरीत मात्र तिची कोणाला आठवण होत नाही.

फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. सुट्टी वाढली, पण रोजचे काम पाऊण तासाने लांबले. म्हणजे खुर्चीही पाऊण तास लांबली. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाईलवरून पिकांची नोंद करू लागला, त्यामुळे तलाठ्याची बांधावरील फेरीही कमी झाली. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. त्यांनी वाचवलेली पावले दुसरीकडे टाकावी लागतील, इतकेच.

ती टाकायची कोठे? कार्यालयातच. यातील मोठा अडसर टेबलावरची घंटी हा आहे. साहेबाने घंटी वाजवावी, शिपायाने दहा पावलांवरची फाईल आणून द्यावी, पाणीही त्यानेच भरून ठेवावे, याला प्रतिष्ठा मानले जाते. वास्तविक शिपायाच्या वाट्याला गेलेली ही पावले साहेबाच्या औषधाची होती. फाईल स्वतः नेऊन द्यावी. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला फोन न करता उठून भेटावे. माठ टेबलापासून दूर ठेवावा आणि पेला लहान घ्यावा, म्हणजे उठणे आपोआप घडते. फोन आला की उभे राहून बोलावे. अर्ध्या-पाऊण तासाला दोन-तीन मिनिटे उठणे एवढाच नेम पाळावा. त्याने अभ्यागतांचे काम अडत नाही.

भगिनींची स्थिती निराळी आहे. पहाटे पाचपासून चुलीशी उभी, दिवसा खिडकीमागे बसलेली आणि संध्याकाळी पुन्हा उभी, असा त्यांचा दिवस. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात ५७ टक्के स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी पडते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. घरकाम हाच व्यायाम, असे म्हणून पुरुषांनी हा विषय संपवू नये. संध्याकाळचा अर्धा तास गृहिणीला फिरण्यासाठी मोकळा मिळायचा असेल, तर भाजी कोणी चिरायची, हे घरातच ठरवावे लागेल.

माहूरगडाच्या पायऱ्या ही या भागातील उत्तम परीक्षा आहे. रेणुकामातेच्या दर्शनाला जाताना पूर्वी जेथे थांबावे लागत नव्हते, तेथे आता दम लागत असेल, तर ती सूचना समजावी. छातीत दुखत असेल किंवा भोवळ येत असेल, तर मात्र परीक्षा पाहू नये. आधी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनीही विचारूनच व्यायाम वाढवावा. उन्हाळ्यात किनवटचे ऊन दहा वाजताच पोळते. त्या दिवसांत चालणे सूर्योदयापूर्वी उरकावे आणि दुपारची शतपावली कचेरीच्या व्हरांड्यात घालावी. व्हरांडा चाळीस पावलांचा असेल, तर पाच येरझाऱ्यांत चारशे पावले होतात, आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टीही संपत नाही.