गळा बाईचा, यंत्र कुणाचं?
(तळेगाव दाभाडे येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



वरातीत बँडवाल्यांनी 'नागीन' सुरू केली की रुमालाची पुंगी करून लोळण घेणारे पुरुष आपण सगळ्यांनीच पाहिलेत. ती धून 1954 च्या 'नागिन' चित्रपटातली, संगीत हेमंतकुमार यांचं. गंमत म्हणजे त्यातली पुंगी ही पुंगी नव्हेच. ते क्लॅव्हिओलिन नावाचं विजेवर चालणारं वाद्य. कल्याणजींनी ते वाजवलं, जोडीला रवी यांची हार्मोनियम होती. 1947 साली ते फ्रान्समध्ये तयार झालं. आत रेडिओसारखे व्हॉल्व्ह, पुढे तीन सप्तकांच्या पट्ट्या, आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने ढकलायची दांडी. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी स्वर एकच. सिंथेसायझरची ही थोरली बहीण.

हे मी इथे का सांगते? मी बारा वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर होते. इथे बसलेल्या कितीतरी जणी तेच काम करतात. रॉबर्ट मूग यांनी 1964 मध्ये अमेरिकेत जो सिंथेसायझर पुढे आणला, त्याच्या पोटात काय होतं? रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर. आपल्या हातांखालून रोज जातं तेच. पट्टी दाबली की ठरावीक व्होल्टेज निघतं. एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर. ऑसिलेटर कच्चा, करकरीत आवाज काढतो. फिल्टर त्यातला करकरीतपणा काढतो, पिठातला कोंडा चाळावा तसा. आवाज कसा उठेल, किती टिकेल, कसा विरेल, हे तिसरा भाग ठरवतो. यंत्र तापलं की सूर सरकतो, मग तंबोऱ्यासारखं पुन्हा लावून घ्यायचं. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय असते, ती ऐकून मींड आठवते.

एका वेळी एकच स्वर ही त्याची उणीव, असं म्हणतात. मला नाही पटत. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईच्या गळ्यातून तरी एका वेळी दुसरं काय निघत होतं?

आमच्या लाइनवर सगळ्या बायका होत्या. बोर्ड तपासायच्या टेबलावर मात्र मुलगे. सिनेसंगीतात तरी निराळं काय होतं? माइकपुढे लताबाई, वाद्यांच्या खुर्च्यांवर बहुतेक पुरुष. गळा बाईचा, यंत्र बाप्याचं.

याला छेद देणारी एक बाई सांगते. अहमदाबादच्या गीता साराभाई. बायका पखवाजाला हात लावत नसत त्या काळात त्या पखवाज शिकल्या. 1946 मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी जॉन केज या संगीतकाराला आपलं संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला. ही संस्था उभारण्यात गीताबेनची बहीण गिरा आणि भाऊ गौतम यांचा मोठा वाटा होता. त्या स्टुडिओतल्या 1969 ते 1972 च्या फिती पुढे वर्षानुवर्षं पडून राहिल्या. 2023 मध्ये त्यांतलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं, त्यात गीताबेनच्याही रचना आहेत. अर्थात त्या साराभाई होत्या. घर मोठं, पैसा होता, यंत्राशी पोचता आलं. आपल्यापैकी कुणी पोचली असती का, हा प्रश्न उरतोच.

आपल्या केंद्रात एक बिघडलेला कीबोर्ड पडून आहे. दुरुस्तीला नेला तर दुकानदार म्हणाला, "घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा, त्याला समजावून सांगतो." येत्या शनिवारी आपणच तो उघडतो आहोत. ज्यांना डाख लावता येतो त्यांनी जरूर यावं. मुलींना सोबत आणा, आणि घरात मल्टिमीटर असेल तर तोही.