झिंग कुणाला, भोग कुणाला

आज एका शब्दाबद्दल बोलूया. शब्द आहे ‘झिंगणं’.

२०१६ साली ‘सैराट’ सिनेमा आला आणि ‘झिंगाट’ हा शब्द गावोगावच्या हळदीत, वरातीत पोचला. आपणही त्यावर नाचलो. तिथं झिंग म्हणजे आनंदाचं भरतं. सत्तेची झिंग, पैशाची झिंग असंही आपण म्हणतो. सुपारी लागली तरी झिंग येते. पण रोजच्या बोलण्यात झिंगलेला म्हणजे दारू प्यायलेला. डोकं गरगरतंय, पाय लटपटतायत, असा.

आता आपलं बोलणं नीट ऐका. ‘झिंग चढली’, ‘झिंग उतरली’. जणू झिंग आपल्या पायांनी आली आणि गेली, माणसानं काही केलंच नाही! शेजारणीला तर आपण आणखी झाकून सांगतो, ‘आज जरा घेतलीय त्यांनी.’ काय घेतलीय? दारू हा शब्द ओठांवर येत नाही.

चारचौघांत त्याच माणसाला टल्ली, तर्र, तळीराम म्हणून हसतात. तळीराम हे राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’ नाटकातलं पात्र. नाटक रंगभूमीवर आलं १९१९ साली. शंभर वर्षं उलटली, तरी ते नाव लोकांच्या तोंडी आहे. त्याच नाटकात सिंधू आहे. नवऱ्याच्या दारूपायी तिचं लेकरू जातं, तीही जाते, पण शेवटपर्यंत त्याला पाठीशी घालते. पिणाऱ्याला हसायला आपल्याकडं दहा शब्द आहेत. सोसणारीला मात्र एकच, ‘सोशिक’. तोही कौतुकाचा!

म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या बोलायला शिकूया.

पहिली, पिणं. दारूचं व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. उपचाराला न्यायचं तर ‘बेवडा’ म्हणून भागत नाही, आजारी माणूस म्हणावं लागतं.

दुसरी, मारणं. हा आजार नाही, गुन्हा आहे. बाहेर सावकारासमोर, फौजदारासमोर हात जोडणारा घरी येऊन बायकोवर हात उगारतो. म्हणजे तेवढं भान त्याला असतंच की! आपल्या मर्जीनं प्यायला म्हणून कायदा गुन्हा माफ करत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आपल्यासाठीच आहे.

तक्रार देताना ‘झिंगून आले, भांडण झालं’ एवढंच सांगू नका. दारू पिऊन आले, कशानं मारलं, किती वाजता, कुठं लागलं, सगळं सरळ सांगा. दवाखान्यात ‘पाय घसरून पडले’ म्हणू नका. मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, नंबर पाठ करा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक करा. प्यायलेल्या माणसाला आपल्या गावात किती शब्द आहेत, ते मोजा. मग एकमेकींना विचारा, घरातल्या बाईचं काय झालं, हे यातला एक तरी शब्द सांगतो का?