फुरसुंगीचा पोरगा आणि त्याचे लेखक

पिंपरी-चिंचवडहून फुरसुंगीला जायचं म्हणजे अख्खं पुणे ओलांडावं लागतं. पण बनेश फेणे हा फुरसुंगीचा काटकुळा पोरगा आधीच महाराष्ट्रभर पोचला होता, तोही सायकलवर! अंगात चौकड्यांचा शर्ट, संकट दिसलं की जिभेचा 'ट्टॉक' आवाज. शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. प्रत्यक्षात अभ्यास कमी, भानगडी जास्त. हाच 'फास्टर फेणे'.

त्याचे जनक भास्कर रामचंद्र भागवत, म्हणजेच भा. रा. भागवत. जन्म १९१० चा, इंदूरचा. दिल्लीत ऑल इंडिया रेडिओवर नोकरी होती. १९४२ च्या चळवळीत ती त्यांनी सोडली. पुढे 'बालमित्र' मासिक काढलं. पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहीत आणि आकाशवाणीवर काम करत.

ज्यूल व्हर्नच्या साहसकथा भागवतांनी मराठीत आणल्या, पुस्तकवेड्या बिपिन बुकलवारच्या गोष्टी लिहिल्या.

फेणेची पुस्तकं मात्र वीस! कधी प्रतापगड, कधी गुलमर्ग, कधी थेट चक्रीवादळ. पोरं फसतील असं वाटावं आणि फेणेनं डोकं चालवून सुटावं, हा साचा जुनाच; पण भागवत मुलांना उपदेशाचे डोस पाजत नाहीत, हे त्यांचं खरं कसब.

दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला. २००१ मध्ये भागवत गेले. २०१७ च्या चित्रपटात फेणे होता अमेय वाघ, आणि खुद्द भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर.