नळीला रस्ता कोण दाखवतं?

पिकल्या केळ्यावर घोंगावणारी ती बारीक चिलटं बघितलीत ना? तीच फळमाशी. तिला फुफ्फुसं नसतात. अंगभर पसरलेल्या नळ्यांतून हवा थेट आत पोचते. आपल्या यवतमाळच्या कपाशीतली गुलाबी बोंडअळीसुद्धा असाच श्वास घेते, बरं का!

पण या नळ्यांना जागा कशी सापडते? अंड्यातल्या भ्रूणाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा ठिकाणी साधारण 80 पेशींचा गट आत दबतो आणि पिशवी बनते. मग आजूबाजूच्या काही पेशी 'ब्रँचलेस' नावाचं प्रोटीन सोडतात. पिशवीतल्या पुढच्या पेशी तिकडे सरकतात, मागच्यांना ओढतात, नळी लांबते. या वेळी नव्या पेशी बनत नाहीत, आहेत त्याच ताणल्या जातात.

थोडक्यात काय, सेंट्रल सर्व्हर नाही, पूर्ण नकाशा कुणाकडेच नाही. फक्त शेजारचा सिग्नल! 1996 मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क क्रास्नो यांच्या टीमने हे दाखवलं. ते प्रोटीन नसेल तर पिशवी तशीच राहते. भलत्या जागी तयार केलं तर नळी तिकडे वळते.

याच घराण्यातलं एफजीएफ-10 उंदरात बंद केलं, तर पिल्लाला फुफ्फुसंच येत नाहीत आणि ते जन्मताच मरतं. ते प्रोटीन आपल्यातही आहे. म्हणून चिलटावरचा हा अभ्यास आपल्याही श्वासाचा आहे. भेटू पुढच्या भागात!