‘कुंकू’ : नीराचा नकार आणि अर्धी राहिलेली गोष्ट

आज आपण एका जुन्या सिनेमाबद्दल बोलणार आहोत. ‘कुंकू’ त्याचं नाव. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने तो 1937 साली काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. गोष्ट ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. हिंदीत हाच सिनेमा ‘दुनिया न माने’ नावाने आला. आम्ही गटातल्या बायांनी तो मोबाइलवर पाहिला, आणि नंतर हप्त्याचं काम बाजूला राहून वाद सुरू झाला.

गोष्ट आपल्याला नवी नाही. नीरा पोरकी मुलगी. सांभाळणारे नातेवाईक तिला फसवून म्हाताऱ्या बिजवर वकिलाला देऊन टाकतात. पुढे मात्र वेगळंच घडतं. नीरा रडत बसत नाही, पळून जात नाही आणि विहीरही जवळ करत नाही. ती त्याच घरात राहते आणि त्याला नवरा मानायला नकार देते. हे लग्न मला मान्य नाही, असं ती रोजच्या वागण्यातून सांगत राहते. त्या काळात पडद्यावरची बाई म्हणजे सोसणारी. तिथे शांता आपटे यांची नीरा मान वर करून उभी राहते. आजही आपल्यातल्या किती जणींना ते जमेल?

आम्हाला सगळ्यात आवडला तो म्हातारा काकासाहेब. चमकू नका. केशवराव दाते यांनी तो असा उभा केलाय की राग येतो आणि कीवही येते. तो राक्षस नाही. चारचौघांत मान असलेला शिकलेला माणूस आहे, आणि म्हणूनच भीती वाटते. आपल्याकडे कोवळ्या पोरींची लग्नं ठरवणारेही राक्षस नसतात. ऊसतोडीला जाताना पोरीला कुणाकडे ठेवायची, या काळजीने बोहल्यावर चढवणारे आईबापच असतात.

काकासाहेबांची मुलगी चित्रा नीराच्या बाजूने बोलते. ते काम शकुंतला परांजपे यांनी केलंय. संततिनियमनाचं काम करणाऱ्या त्या खऱ्याखुऱ्या कार्यकर्त्या होत्या, त्यामुळे त्यांचं बोलणं पाठ केल्यासारखं वाटत नाही. सिनेमात वाद्यांचं पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. घरातले आवाज, घड्याळाची टिकटिक, यांवरच काम भागवलंय. ते घर अंगावर येतं.

आता खटकलेलं सांगतो. काकासाहेबांचा मुलगा इतका थिल्लर दाखवलाय की तो खरा वाटतच नाही. नीरा मध्येच लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, तेही आमच्यातल्या बऱ्याच जणींना उपरं वाटलं.

पण खरा वाद झाला तो शेवटावर. म्हाताऱ्याला आपली चूक कळते आणि नीराला मोकळं करण्यासाठी तो जीव देतो. तिने पुन्हा संसार मांडावा, अशी त्याची इच्छा असते. बघणाऱ्याचे डोळे भरून येतात. आम्हाला मात्र ते पटलं नाही. इतका वेळ जी स्वतः लढली, तिची सुटका शेवटी एका पुरुषाच्या मरणाने का व्हावी? आणि नवरा गेल्यावर बाई मोकळी होते, हे मराठवाड्यात कुणाला सांगून बघा! कर्जापायी नवरा गेलेल्या बाया आपल्या गावागावात आहेत. सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे खेटे, सासरची बोलणी, पोरांची शाळा, हे सगळं तिच्याच पदरात पडतं. नीराने पुढे कशावर जगायचं, हे सिनेमा सांगत नाही. मरण हा तिढ्यावरचा उपाय म्हणून दाखवला, हीच त्याची मोठी चूक आहे.

सिनेमाचं नाव ज्या कुंकवावरून आहे, ते मृत्यूनंतर पुसायचं की नाही, हा प्रश्न मात्र पंचाऐंशी वर्षांनी एका ग्रामसभेने हातात घेतला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं नाही, बांगड्या फोडणं नाही. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. आमच्या गटात त्यावर दोन तट पडलेत. काही जणी म्हणतात, आधी ठराव करू. काही म्हणतात, ठराव राहू द्या, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नवरा नसलेल्या बायांना बोलवू आणि पहिलं कुंकू त्यांनाच लावू. तुमच्या गटात काय ठरतं, ते रेडिओवर येऊन सांगा.