जात विचारू नका, खुडूक बसते का ते विचारा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



पत्रिकेत माझा विषय ‘परसातील कुक्कुटपालन : एक फायदेशीर जोडधंदा’ असा छापला आहे. त्यातलं फायद्याचं मी काही बोलणार नाही. (हशा) ज्यांना पाचशे पक्ष्यांची शेड घालायची आहे त्यांनी बँकेत जावं. मला बोलायचंय ते घरामागे गुंठाभर मोकळी जागा असलेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच तीन-चार कोंबड्या आणायच्या म्हणणाऱ्या माणसाशी. त्याला माझं एकच सांगणं : जात विचारू नका. (हशा) थांबा, पुढचं ऐका. ती खुडूक बसते का, ते विचारा.

गिरिराज बंगळूरची, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या, कडकनाथ झाबुआचा. ही माहिती तुमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर आहे, पुढं जाऊ. कडकनाथाच्या नावावर २०१९ साली सांगली-साताऱ्याकडं गुंतवणूकदारांची कशी फसवणूक झाली, तेही इथं सांगायला नको. मागच्या रांगेत कुणीतरी सुस्कारा सोडला, म्हणजे पैसे गुंतवलेले दिसतात. (हशा) माझा कडकनाथावर राग नाही, उगाच गैरसमज नको. पक्षी काटक आहे. पण त्याचं अंडंही काळं असतं असं सांगून कुणी भाव चढवला, तर रिकामी पिशवी घेऊन घरी या.

आता खुडूकपणा. कोंबडीच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, ती फुगून बसते, हात घातला की चोच मारते आणि अंडी बंद करते. धंदेवाल्याला हा निव्वळ तोटा. म्हणून पिंजऱ्यातल्या कोंबडीतून निवड करकरून हे बसणं जवळजवळ काढून टाकलं आहे. ती वर्षाला ३०० अंडी देईल, पण त्यांच्यावर बसणार नाही. गावठी ६०-८० देते, आणि मधूनमधून रुसून बसते. मला ही दुसरी हवी.

कारण सांगतो. हॅचरीतून आणलेल्या एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. आपण बल्ब लावतो. रात्री वीज जाते. पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि सकाळी तळातली मेलेली निघतात. खुडूक कोंबडीला भारनियमन नाही. (टाळ्या) शिवाय घार आली की कुठं लपायचं आणि मुंगी खायची की नाही, हे बल्ब शिकवत नाही.

तुम्ही म्हणाल, मग कोंबडा हवाच. नको. नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, हे अजून पुष्कळांना खरं वाटत नाही. पिल्लांसाठी फळलेली अंडी कोंबडावाल्या शेजाऱ्याकडून आणा. पहाटेची बांग त्याच्याच दारात राहू दे. (हशा)

आमच्या राजापूरकडच्या आत्याकडं हे सगळं शास्त्र होतं. मोजून अकरा अंडी, विषम संख्या. डालग्यात भाताचं तूस, त्यात एक लोखंडी खिळा. ढग गडगडले तर अंडी बिघडू नयेत म्हणून. खिळ्याचा उपयोग मी मानत नाही, पण खिळा काढायची माझी हिंमतही झाली नाही. सातव्या दिवशी कौलातनं येणाऱ्या उन्हाच्या कवडशात ती एकेक अंडं धरायची. आत लाल शिरा दिसल्या की परत पोटाखाली, स्वच्छ दिसलं की आमच्या ताटात. भिंतीवर रोज एक कोळशाची रेघ. अठराव्या रेघेला कोमट पाण्याचं घमेलं यायचं, त्यात अंडी सोडायची. जिवंत असेल ते हलकेच डुलायचं. आम्ही पोरं घमेल्याभोवती उकिडवी बसायचो, आणि ज्याचं अंडं डुललं नाही तो रडायचा. एकदा धाकट्या चुलतभावानं आपलं अंडं बोटानं हळूच डुलवलं. आत्यानं पाहिलं, पण बोलली काही नाही. एकविसाव्या दिवशी दहा पिल्लं निघाली. हा म्हणाला, अकरावं माझं, ते उशिरा उठणारं आहे! (मोठा हशा) त्यानं दोन दिवस डालग्यापाशी मुक्काम केला, जेवायला उठेना. शेवटी आत्यानं...

संयोजकांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. नाही, सात. बरं, आत्या राहू द्या.

मुख्य युक्ती ऐका, यासाठीच मी आलो. गावठी कोंबडी बसून अडीच-तीन आठवडे झाले, की शासनाच्या अंडी उबवणी केंद्रातून (खडकीला आहे, कोल्हापूरला आहे) एक दिवसाची, मरेक्सची लस दिलेली पिल्लं आणा. रात्री अंधारात एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवा आणि अंडी काढून घ्या. सकाळी ती त्यांना आपलीच समजते. पुढच्या रांगेतल्या वहिनी मान हलवताहेत, फसवणूक म्हणताहेत. आहेच. पण फसल्यावर ती जे सांभाळते ना, तसं आपल्याच्यानं होत नाही.

खुराडं भराभर सांगतो. रात्रीला पक्ष्यामागे दोन चौरस फूट पुरे. साधी कोंबडीजाळी कोंबडीला अडवते, कुत्र्याला नाही; अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या आणि कडी बाहेरून, मुंगसाला उचकटता येणार नाही अशी. पाणी सावलीत; आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये कोंबडी भुकेपेक्षा उन्हानं आधी मरते. खाद्य दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम, बाजूला शिंपल्यांचा चुरा.

मानमोडीचा रोग! ते राहता कामा नये. त्याची लस लासोटा, पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात एक थेंब. कुपी बर्फात आणायची. अडचण अशी की कुपी शंभर पिल्लांची आणि तुमची दहा. म्हणून आळीतल्या चार घरांनी पिल्लं एकाच आठवड्यात काढायची. म्हणजे पुन्हा खुडूक कोंबडी आलीच, पाहा! (हशा) अध्यक्ष उठले. देवीची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात, पंखाच्या पडद्यात टोचून. चुलतभावाचं काय झालं ते बाहेर चहापाशी सांगतो.